काय खाल्लं होतं?

तक्रार

पोट दुखतं. वरूडपासून अमरावतीपर्यंतच्या सबंध रस्त्यात खुशालरावांच्या तोंडून एवढंच निघालं. बाकी जे निघालं ते हिरवं होतं, कडू होतं, आणि पार्वताबाईंनी ते झाकणाच्या डब्यात धरून आणलं होतं, कारण पोरगी डॉक्टर आहे, तिला दाखवावं लागेल.

डबा उघडायची गरज पडली नाही. पोट दिसत होतं. सदऱ्याची खालची बटणं उघडी, आणि आतली कातडी ताणून चकचकीत झालेली.

पोरगी म्हणजे प्रतीक्षा. अमरावतीत तिचा स्वतःचा दवाखाना आहे. खाली औषधांचं दुकान, वर वॉर्ड, त्याच्या वर शस्त्रक्रियेची खोली. अचलपूरपासून धामणगावपर्यंतची माणसं आपापली पोटं घेऊन तिच्याकडे येतात. हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशयातले खडे. हे रोजचं. हात आपोआप चालतात. रोजचं नसलेलंही कधीमधी येतं, आणि मग प्रतीक्षाला जेवण जात नाही, ती जिना खालीवर करत राहते. नवरा म्हणतो, तुला खुर्ची नको, तुला रस्ता पाहिजे.

पण ती पोटं दुसऱ्यांची असतात.

‘वारा सरला का, बाबा?’

‘पोट दुखून राहिलं.’

‘ते कळलं. वारा सरला का?’

‘नाई.’

‘कधीपासून?’

‘तुह्या आईले विचार.’

‘मले?’ पार्वताबाई म्हणाल्या. ‘मी काय यायच्या मांगं मांगं फिरते का? मले तं हे चहा पाह्यजे का नाई तेई सांगत नाईत.’

नाकातून नळी घालताना प्रतीक्षाने बापाचं डोकं डाव्या हातावर तोललं. गिळा, बाबा. पाणी पितो तसं. गिळा. खुशालरावांनी आयुष्यात पहिल्यांदा पोरीचं ऐकलं आणि गिळलं. पिशवीत हिरवं पाणी भरू लागलं. मग सलाइन, मग एक्स-रे, मग स्कॅन. स्कॅन होईपर्यंत ती यंत्राच्या खोलीबाहेर उभी होती, कोणीतरी दिलेली खुर्ची पायाने मागे सारून.

स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. लहान आतडं फुगलंय. मोठ्या आतड्याला मिळायच्या थोडं अलीकडे काहीतरी अडलंय. ‘मॅडम, गाठ वाटते. आत हवेचे बुडबुडे आहेत, पण गाठ सडायला लागली की तसं दिसतंच. या वयात मी तर कॅन्सरच धरीन.’ मग जरा थांबून, ‘पेशंट तुमचे कोण?’

प्रतीक्षाने ‘थँक यू’ म्हणून फोन ठेवला.


पूर्वेतिहास

आपल्या माणसावर आपण सुरी धरायची नाही. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण सर्जनला विचारा, कोणताही सर्जन हेच सांगेल. हात थरथरतो म्हणून नव्हे. हात थरथरतच नाही, तिथेच घात होतो. आपण नको तेवढं शूर होतो, नाहीतर नको तेवढं जपतो.

अमरावतीत ज्यांच्या हाती तिने बाप सोपवला असता ते दोघे परगावी होते. अकोल्याला गोवर्धन सर होते. प्रतीक्षा पोट उघडायला शिकली ती त्यांच्या टेबलावर. त्यांना फोन केला. सर म्हणाले, ‘निघ.’

ॲम्ब्युलन्समध्ये ती बसली नाही. एका हाताने वरचा दांडा धरून उभी राहिली. बडनेरा मागे पडलं. पार्वताबाई समोरच्या बाकावर पदर तोंडाला लावून, आणि खुशालराव आडवे, नाकात नळी, डोळे छताला.

‘बाबा, नीट आठवा. काय खाल्लं होतं?’

‘काई नाई.’

‘काही नाही कसं? दुखायच्या आधी काय खाल्लं?’

‘भाकर खाल्ली. तुह्या आईनं देल्ली ते खाल्ली.’

‘संत्री?’

खुशालरावांनी डोळे छतावरून काढून तिच्याकडे वळवले. वरूडच्या शिवारात त्यांचा बगीचा आहे, संत्र्याचा, आणि साखरेचा आजार निघाल्यापासून प्रतीक्षाने त्यांची संत्री बंद केली होती. स्वतःच्याच बगीच्यातली. असं बंद करणारी डॉक्टर साऱ्या तालुक्यात दुसरी निघाली नसती.

‘तूनंच बंद केली ना,’ ते म्हणाले.

‘म्हणून विचारते.’

‘मंग कायले विचारते? बंद म्हणजे बंद.’

‘घरात एक फोड नाई खाल्ली त्यायनं,’ पार्वताबाई म्हणाल्या. ‘मी शप्पत घेते. नातवाईले सोलून देतात अन् हात धुवून टाकतात.’

‘झालं समाधान?’ खुशालराव म्हणाले, आणि उमासा आला म्हणून तोंड फिरवलं.

मूर्तिजापूर. रस्ता खराब. प्रत्येक खड्ड्याला बापाच्या कपाळावर एक आठी, आणि प्रत्येक आठीला प्रतीक्षा पुढच्या काचेवर टकटक करी, दादा हळू. ड्रायव्हरने हळू केलं की ती पुन्हा टकटक करी, दादा जरा लवकर. शेवटी तो म्हणाला, ‘ताई, तुमीच चालवून घ्या.’

वजन कमी झालं का? नाही. परसाकडे रक्त? नाही. भूक? होती. ताप? नाही. कॅन्सरला जे लागतं ते एकही नाही, आणि गाठ तर स्कॅनमध्ये आहे. तिने तेच तेच प्रश्न उलटे विचारले, सुलटे विचारले. खुशालरावांनी डोळे मिटून घेतले.

‘पोरी,’ ते म्हणाले, ‘तू बाकी पेशंटले बी असंच पिळतेस का?’

‘हो.’

‘मंग येतात कशे?’


तपासणी

गोवर्धन सर पेशंटच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसतात आणि पोटावर हात ठेवून गप्प राहतात. पुष्कळ वेळ. नवखे नातेवाईक घाबरतात. प्रतीक्षाला सवय होती, तरी ती पलंगाच्या पायथ्याशी या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत राहिली.

‘उभी राहा एका जागी. मला आतड्याचा आवाज ऐकू येत नाहीये, तुझ्या चपलांचा येतोय.’

ती थांबली.

सरांनी सदरा आणखी वर सरकवला. छातीच्या हाडाखालून बेंबीपर्यंत एक उभी, पांढरी, जुनी रेघ. त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं.

‘हे काय आहे?’

‘अल्सरचं. माझ्या जन्माआधीचं. नागपूरला झालं होतं.’

‘मला फोनवर सांगितलं नाहीस.’

नव्हतं सांगितलं. अमरावतीच्या स्कॅनवाल्यांनाही नाही. दुसऱ्या कोणाच्या पोटावर ती रेघ असती तर प्रतीक्षाने पहिल्याच नजरेत विचारलं असतं, कोणी केलं, कधी केलं, काय केलं. पण या रेघेवर तिने लहानपणी आगगाडी चालवलेली. विहिरीवर अंघोळ करणाऱ्या बापाच्या पोटावर ती असायचीच, बेंबी असावी तशी. बेंबीबद्दल कोणी डॉक्टरला सांगतं का?

‘जाऊ दे,’ सर म्हणाले. ‘आता पोट थांबणार नाही. आतडं काळं पडायच्या आत उघडायला हवं.’ मग पेशंटला कळेल अशा आवाजात, ‘काका, गाठ आहे. ती आजूबाजूच्या आतड्यासकट काढावी लागेल. उजवीकडचं मोठं आतडं अर्धं जाईल. आतडं फार सुजलेलं निघालं तर लगेच जोडता येणार नाही, मग काही दिवस पोटावर पिशवी.’

‘कायची पिशवी?’

‘परसाकडची. पोटातून बाहेर.’

खुशालरावांनी सदरा ओढून पोट झाकलं. मग प्रतीक्षाकडे न बघता म्हणाले, ‘पिशवी लावून मी बगीच्यात कसा जाऊ वं? चार माणसाईत कसा बसू?’

‘काही दिवसच, बाबा.’

‘अन् कॅन्सर हाय का?’

तिने सरांकडे बघितलं. सरांनी खिडकीकडे बघितलं.

‘समजलं,’ खुशालराव म्हणाले.


पूर्वेतिहास, पुन्हा

ती रेघ.

प्रतीक्षा सरांच्या दवाखान्याच्या मागच्या गॅलरीत होती आणि ती रेघ तिच्या डोक्यात. त्या काळी अल्सरवर काय करायचे? जठराला जाणारी नस कापायचे, म्हणजे आम्ल कमी. पण नस कापली की जठर दळायचं विसरतं, म्हणून अन्न खाली उतरायला एक नवी रुंद वाट करून द्यायचे. अल्सर बरा व्हायचा. माणूस पुढची चाळीस वर्षं जगायचा. फक्त त्याच्या पोटातलं जातं बंद पडलेलं असायचं, आणि खालचा दरवाजा मोठा.

अशा पोटात न चावलेलं काही गेलं तर?

धागे. साली. रेषा. ते दळले जाणार नाहीत. एकमेकांत गुंततील. गोळा होईल. गोळा त्या रुंद वाटेने खाली उतरेल, आणि आतडं जिथे अरुंद होतं तिथे, मोठ्या आतड्याच्या थोडं अलीकडे, नेमकं तिथेच

आत हवेचे बुडबुडे.

ती धावत आत गेली. स्ट्रेचर शस्त्रक्रियेच्या खोलीकडे निघालं होतं. तिने ते दारातच धरलं.

‘बाबा, दात कुठे आहेत तुमचे?’

उन्हाळ्यात खुशालरावांचे उरलेसुरले दात काढून कवळी बसवली होती. प्रतीक्षानेच ओळखीच्या डॉक्टरकडून करवून घेतलेली.

‘खिशात.’

‘खिशात?’

‘टोचते ते. जेवाले लावतो.’

‘बाबा, शेवटचं विचारते. संत्रं खाल्लंत का तुम्ही? मी रागावणार नाही. साखर वाढली तर वाढली. मला फक्त खरं सांगा.’

‘तुले एकदा सांगतलं.’

‘बाबा.’

‘नाई खाल्लं म्हणतो ना मी,’ खुशालराव म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत बघितलं तर तिथे खोटं नव्हतं. बत्तीस प्रकारच्या पेशंटची बत्तीस प्रकारची खोटी तिने पचवली होती. दारूवाले, तंबाखूवाले, उपाशी आहे म्हणून सांगून पोहे खाऊन टेबलावर चढणारे. हा माणूस खरं बोलत होता.

मग गाठच.

दार बंद झालं. सरांनी तिला आत यायला मनाई केली होती. बाहेर पार्वताबाई बाकावर माळ ओढत होत्या. प्रतीक्षा त्यांच्यासमोरून गेली, आली, गेली.

‘बस ना माय जराशी.’

‘नाही बसवत, आई.’


पूर्वेतिहास, तिसऱ्याच माणसाकडून

खुशालरावांचा फोन तिच्या पर्समध्ये होता आणि तो वाजत होता. सकाळपासून वाजत होता. चंदन शेठ. संत्र्याचे व्यापारी, दरवर्षी उभा बगीचा घेणारे. प्रतीक्षाने सकाळपासून तो कापला होता. आता उचलला तो फक्त आवाज बंद व्हावा म्हणून.

‘काकाजी, अवो कुठं गायब झाले? मी इकडं मजूर लावून बसलो.’

‘मी प्रतीक्षा बोलतेय. बाबांचं ऑपरेशन आहे.’

‘अरे बापरे. कायचं, ताई?’

‘पोटाचं.’

‘पण परवापर्यंत तं ठणठणीत होते हो. माह्यासंगं सारा बगीचा फिरले. या साली लय झिकझिक झाली आमची, माल गळला ना, मी म्हणलं आंबट हाय, ते म्हणे गोड हाय. एकेका झाडाचं फळ तोडून दाखवलं मले.’

‘दाखवलं म्हणजे?’

‘म्हणजे खाऊन. मी झाड सांगणार, ते तोडणार अन् माह्यासमोर खाणार. हमेशाचंच हाय.’

प्रतीक्षा चालायची थांबली.

‘शेठ, चोथा थुंकला का त्यांनी?’

‘काय?’

‘फोडीचा चोथा. रस चोखून टाकला ना खाली?’

‘काकाजी अन् थुंकतील? तुमाले माहीत नाई का, ताई? बाकीचे टाकतात. काकाजी सौद्यात कधीच थुंकत नाईत, सालीखालचं पांढरं सुदिक गिळतात. मले म्हणतात, जो मालक आपलाच माल थुंकतो त्याचा माल तू काहून घेशील? मी म्हणलं बी, काकाजी, दात नाईत, तरास होईल. तं म्हणे, तू भाव बोल.’

तिला माहीत होतं. म्हणजे होतं कधीतरी. आजोबाही तसेच खायचे, व्यापाऱ्यासमोर, बिया-चोथ्यासकट, तोंड वाकडं न करता. नंतर घरी आले की हात धुवायचे आणि म्हणायचे, भूक लागली, अजून काही पोटात नाही. कारण सौद्यातलं खाणं हे खाणं नव्हतंच. ते बोलणं होतं. बापाने तिला खोटं सांगितलं नव्हतं. खुशालरावांच्या हिशेबी त्यांनी एकही संत्रं खाल्लं नव्हतं, सौदा केला होता.

‘किती दिवस चाललं हे?’

‘दिवाळी झाल्यापासून चालूच हाय की. ताई? अवो ताई?’


शस्त्रक्रिया

टोपी, मास्क, आणि दार खांद्याने ढकलून आत. पोट उघडलेलं होतं. त्याच जुन्या रेघेवरून सर आत शिरले होते. फुगलेल्या आतड्याची गुंडाळी ओल्या कापडावर, भूलतज्ज्ञ बाई डोक्याशी, नर्सच्या हातात चिमटे.

सर शस्त्रक्रिया करताना माणसांशी बोलत नाहीत, आतड्याशी बोलतात. ‘या महाराज, इकडे या. असे. घाई नको.’ मान वर न करता म्हणाले, ‘तुला बाहेर थांब म्हटलं होतं.’

‘सर, कापू नका. आधी दाबून बघा. चोथ्याचा गोळा असेल. संत्र्याच्या.’

‘हिस्ट्रीत संत्रं नाही. तूच घेतलीस हिस्ट्री.’

‘आत्ता मिळाली. दात नसताना चोथ्यासकट गिळलीत, दिवाळीपासून. आणि जठराची नस कापलेली आहे, सर. ती रेघ.’

सरांचे हात थांबले नाहीत. फक्त हळू झाले.

‘प्रतीक्षा, तू पोरगी म्हणून बोलतेयस की सर्जन म्हणून?’

‘मला आत्ता ते वेगवेगळं करता येत नाहीये.’

‘मग बाहेर जा.’

‘नाही जात.’

नर्सने दोघांकडे बघितलं. भूलतज्ज्ञ बाईंनी यंत्राकडे बघितलं. त्या खोलीत सरांना नाही म्हटलेलं बहुधा भिंतींनीही पहिल्यांदाच ऐकलं.

‘पोरगी म्हणून तुला पिशवी नकोय,’ सर म्हणाले. ‘मलाही नकोय. पण मी गोळा समजून सोडून दिला आणि कॅन्सर निघाला, तर वर्षभरात पुन्हा हेच पोट. तेव्हा काय सांगशील?’

आतड्यात मनुष्याच्या इच्छेने काही होत नाही, हे तिनेच शिकवलंय हाताखालच्या नव्या डॉक्टरांना. चंदन शेठने सांगितलं म्हणून गाठ गोळा होत नाही. दात नसलेल्या, जातं बंद पडलेल्या म्हाताऱ्यालाही कॅन्सर होतो. दोन्ही खरं असू शकतं, एकाच पोटात, एकाच

‘नुसतं बघा, सर. गाठ भिंतीतून उगवली असेल तर भिंत तिच्यासोबत हलेल. गोळा असेल तर भिंत त्याच्यावरून सरकेल.’

‘हे मी तुला शिकवलंय.’

‘हो.’

सरांनी आतड्याचा शेवटचा भाग दोन्ही हातांत घेतला. वरचं सारं फुगलेलं, खालचं रिकामं, चपटं, आणि मध्ये ते. कच्च्या कवठासारखं टणक. त्यांनी अंगठा आणि दोन बोटांत ते धरलं. ‘महाराज,’ ते म्हणाले.

प्रतीक्षाला टेबलाच्या कडेवरून फक्त हातमोजे दिसत होते. हातमोजे आणि त्यांच्यावरची ओल. ती चवड्यांवर उभी राहिली. खाली आली. परत वर.

सरांनी आतड्याची भिंत पुढे ओढली. गाठ जागेवर राहिली. मागे ओढली. गाठ जागेवर राहिली.

‘सरकतंय,’ सर म्हणाले.

त्यांनी मान वर करून प्रतीक्षाकडे बघितलं.

‘हात धुऊन ये. मदतीला. सुरीला हात लावायचा नाही.’

गोळा हातानेच मऊ करून पुढे मोठ्या आतड्यात ढकलून देता आला असता तर छानच. बरेचदा जातो. हा गेला नाही. फार सुकला होता. मग त्याच्या वर, चांगल्या जागी, आतड्याला एक छोटी चीर. सरांनी तो हळूहळू चिरेपाशी आणला आणि चिरेतून तो बाहेर आला, मळका, हिरवट, मेंढीच्या लोकरीसारखा गुंतलेला. ट्रेमध्ये ठेवून नर्सने चिमट्याने एक टोक ओढलं, तर लांबच लांब रेषा सुटत गेली. तिच्या टोकाला एक बी.

‘नागपुरी,’ सर म्हणाले. प्रतीक्षाला हसू आलं, आणि मास्कच्या आत ते हसू कशासारखं तरी झालं.

जिथे गोळा अडला होता तिथली भिंत त्यांनी आतून-बाहेरून नीट तपासली. सुजलेली, लाल, पण गुळगुळीत. गाठ नाही. सरांनी चीर शिवायला सुई मागितली.

‘सर, जठर.’

‘काय जठर?’

‘एक खाली उतरला. वर दुसरा असेल. दिवाळीपासून खाताहेत.’

सरांनी सुई परत ठेवली, हात वर, पोटाच्या वरच्या भागात नेला, आणि त्यांचे डोळे मास्कच्या वर बारीक झाले. होता. पहिल्याहून मोठा. तो तसाच राहिला असता तर महिन्याभरात हाच रस्ता, हीच ॲम्ब्युलन्स, तोच ड्रायव्हर. जठर उघडून तोही काढला. मग दोन्ही चिरा शिवल्या, थराथराने, आणि अर्धं आतडं जागच्या जागी राहिलं. पिशवी नाही.


नातेवाइकांना काय सांगितलं

पार्वताबाईंना सांगितलं, आई, कॅन्सर नाही. त्या माळेसकट उठल्या आणि पुन्हा बसल्या.

खुशालरावांना सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, शुद्ध नीट आल्यावर. ते ऐकून त्यांचं तोंड जे पडलं, ते कॅन्सर म्हटल्यावरही पडलं नव्हतं.

‘माह्या बगीच्याच्या संत्र्यानं?’

‘चोथ्याने, बाबा. चावता येत नाही आणि नस—’

‘हे कोणाकोणाले सांगतलं?’

‘कोणाला नाही. आईला.’

‘तिले काहून सांगतलं? ते साऱ्या वरूडले सांगन.’ त्यांनी उठायचा प्रयत्न केला, टाके ओढले गेले, परत पडले. ‘लोकाईले गाठ सांग.’

‘गाठ म्हटलं की लोक कॅन्सर समजतात.’

‘समजू दे. कॅन्सर कोणालेई होते. आपला माल खाऊन कोणी मरत नाई.’

चंदन शेठ भेटायला आले. प्रतीक्षाने त्यांना जिन्यातच गाठून सगळं सांगितलं, कारण पुढच्या सौद्यात हा माणूस समोर असणार होता. शेठ म्हणाले, ‘मले कळलं, ताई,’ आणि वॉर्डात जाऊन पलंगाशी उभे राहिले.

‘काय निघालं, काकाजी?’

‘गाठ.’

‘मोठी होती?’

‘लय मोठी. दोन होत्या.’

‘अरेरे,’ चंदन शेठ गंभीर तोंडाने म्हणाले. ‘काढून टाकल्या ते बरं केलं. अन् तो भाव तुमी म्हणता तोच धरला मी. आता झिकझिक नाई.’

खुशालरावांनी मान हलवली. मोठ्या मनाने हलवली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण साखर.

साखर उतरेना. इन्सुलिन चालू, तरी प्रत्येक वेळी बोट टोचलं की आकडा वर. ऑपरेशननंतर साखर अशी चढती राहिली की सर्जनच्या मनात एकच गोष्ट येते: आत कुठेतरी टाका सुटला, गळतंय, पू होतोय. ताप नव्हता. पोट मऊ होतं. तरी आकडा वर. प्रतीक्षा अमरावतीला आपला दवाखाना उघडायला गेली आणि दुपारी परत आली. पोट दाबलं. संध्याकाळी पुन्हा दाबलं. ‘माय, ते काय कणिक हाय का?’ खुशालराव म्हणाले. सर म्हणाले, उद्या सकाळीही असंच राहिलं तर पुन्हा स्कॅन. आणि स्कॅनमध्ये काही दिसलं तर पुन्हा पोट.

‘बाबा, घरी साखरेच्या गोळ्या नीट चालू होत्या ना?’

‘चालू होत्या.’

‘रोज?’

‘म्हणतो ना.’

ती त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली. खरंच बोलत होते? सौद्यासारखंच याचंही काही होतं का, ज्याला ते वेगळं नाव देत होते? विचारायला गेलं की दार बंद. जगातल्या प्रत्येक माणसाला ती हा प्रश्न विचारू शकत होती, या एकाला सोडून.

‘तुमी माह्यं एक काम करा,’ खुशालराव एकदम म्हणाले. ‘त्या सरले पाठवा.’ तिला कधी नव्हे ते तुमी म्हणाले. ‘पोरीले नाई सांगता येत काई काई.’

ती बाहेर आली. सरांना सांगितलं. सर आत गेले, पडदा ओढला, स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग पुष्कळ वेळ काही नाही. सरांचा हात पोटावर असणार.

‘बोला, काका.’

‘तिले नका सांगू.’

‘नाही सांगत.’

पडद्याच्या या बाजूला प्रतीक्षा.

‘गोळी बंद केली मी. दिवाळीले. त्या गोळीनं दुपारी चक्कर येते. हातपाय कापतात. घाम येते. सौद्याच्या येळी डोकं ठिकाणावर पाह्यजे ना, साहेब. समोर व्यापारी बसला अन् मी घामानं भिजून राहिलो तं तो काय समजन? म्हातारा आता थकला. मंग तो भाव पाडते.’

‘कोणत्या गोळ्या बंद केल्या? साखरेच्या सगळ्या?’

‘साऱ्याच. पाकिटं घरी नाई ठेवली, तिची आई मोजते. बगीच्यातल्या मोटारीच्या खोलीत ठेवली.’

‘आणि पोट कधीपासून दुखत होतं?’

‘हलकं हलकं? पंधरा-वीस दिस झाले असन.’

‘पोरीला का नाही सांगितलं?’

खुशालरावांनी घसा साफ केला. ‘तिचं पाहता ना तुमी. लहानपणापासून अशीच हाय. घरात कोणाले ताप आला तं हे जेवत नसे, अंगणात चकरा मारत राहे. सांगतलं असतं तं धंदा सोडून वरूडले आली असती. तिचे पेशंट कोण पाहीन? माह्यापायी एखादा मेला असता तं?’

सरांनी काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं. मग विचारलं, ‘अजून काय?’

‘अजून आता,’ खुशालराव म्हणाले, ‘तंबाखूचं बी सांगू का?’

प्रतीक्षा तिथून निघाली. पडद्याकडे वळून न बघता, टाचा न वाजवता, नर्सच्या टेबलापाशी गेली. म्हणजे आत गळत नव्हतं. म्हणजे बहुधा गळत नव्हतं. तीन आठवडे बिनगोळीची साखर अशीच वागते. सकाळच्या स्कॅनआधी एवढं तरी करून बघायला हवं.

‘सिस्टर, खुशालरावांचं इन्सुलिन वाढवायचंय. सर येऊन सांगतीलच, पण तयार ठेवा. आणि दर दोन तासांनी साखर बघायची.’

‘का हो मॅडम, काही नवीन कळलं का?’

‘नाही,’ प्रतीक्षा म्हणाली. ‘मला कोणी काही सांगितलेलं नाही.’